दिवाळीनंतर मुलांना घेऊन इटलीचा समुद्रकिनारा : मुक्काम कुठे करावा?

अबोली

नमस्कार मंडळी. यंदा भाऊबीज आटोपली की मुलांची उरलेली सुट्टी आणि आमची थोडी रजा जोडून इटलीला जायचं घाटतंय. म्हणजे नोव्हेंबरचा मधला पंधरवडा, हातात दहा-बारा दिवस. आम्ही दोघं, मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची आणि सोबत सासूबाई. त्या पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. सपाटीवर तासभर आरामात चालतात, पण जिने म्हटले की गुडघे दुखतात.

रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, पिसा असं रोज बॅगा उचलत धावायचं नाहीये. समुद्राजवळच्या एखाद्या गावात घर घ्यायचं, थोडा स्वयंपाक घरी करायचा, सकाळी कुठेतरी जाऊन संध्याकाळी परत यायचं, मुलांना किनाऱ्यावर मनसोक्त खेळू द्यायचं, एवढंच मनात आहे. पोहायची अपेक्षा नाही. उन्हाळ्यातले दर परवडत नाहीत आणि ती गर्दी सासूबाईंना सोसणार नाही, म्हणून मुद्दाम हा काळ धरलाय. पण इथल्या एका टूरवाल्यांनी "नोव्हेंबरात किनाऱ्यावर सगळं बंद, जाऊच नका" असं सांगितलं.

खरंच एवढं बंद असतं का? दक्षिणेतलं आमाल्फी घ्यावं की वायव्येकडची ती पाच गावं, चिंक्वे तेर्रे? गाडी भाड्याने घ्यावी का? जे नोव्हेंबर ते मार्चमध्ये गेलेत किंवा तिथे राहतात त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आणि हो, मुलाला रेल्वेचं प्रचंड वेड आहे, तेही लक्षात घ्या.

सागरगोटा

अबोलीताई, टूरवाल्यांचं अर्धं खरं आहे. फोटोंत दिसणारी, आमाल्फीच्या किनाऱ्यावरची पोझितानोसारखी गावं पर्यटकांवर चालतात. ऑक्टोबर संपला की बरीचशी हॉटेलं जी बंद होतात ती पार मार्च-एप्रिलपर्यंत. सालेर्नो, आमाल्फी, पोझितानो करणाऱ्या बोटीही थांबतात. अशा फोटोतल्या गावात नोव्हेंबरात मुक्काम केलात तर दुसऱ्या दिवशीच मुलं कंटाळतील.

पण किनारा म्हणजे तेवढीच गावं नव्हेत. मी नोकरीमुळे नेपल्सला राहिलोय. ऑफ सीझनला गाव निवडताना एकच कसोटी लावा : तिथे शाळा भरते का, तीही बऱ्यापैकी मोठी. जिथे बारा महिने माणसं राहतात तिथे बेकरी, भाजीवाला, औषधाचं दुकान, बागेतली घसरगुंडी सगळं चालू असतं. या कसोटीवर माझं मत सालेर्नोला. आमाल्फीच्या रस्त्याचं हे पूर्वेकडचं टोक. रोमहून वेगवान गाडीने दोन तासांच्या आसपास. स्टेशनातून बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर समुद्र आणि त्याला लागून लांबच लांब, सपाट, ताडमाडांचा फिरण्याचा रस्ता. संध्याकाळी सगळं गाव तिथे उतरतं, आज्या-आजोबा, बाबागाड्या, सायकली. सासूबाईंना एकही जिना चढावा लागणार नाही. रस्त्याच्या एका टोकाला सांता तेरेसा नावाचा छोटा वाळूचा किनारा आहे. उन्हाळ्यात इटलीतले बहुतेक किनारे भाड्याच्या छत्र्यांनी अडलेले असतात, हिवाळ्यात त्या काढून ठेवतात आणि सगळी वाळू मुलांची होते.

आमाल्फी तिथून बसने सव्वा तासावर, दिवसभरात होतं. रस्ता कड्याला बिलगून वळणावळणाचा, त्यामुळे ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी आल्याच्या वड्या पिशवीत ठेवाच. त्या रस्त्यावर स्वतः गाडी चालवू नका, एवढं कळकळीने सांगतो. समोरून बस आली की मागे घ्यावी लागते. शिवाय दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना गाडीत खास आसन लागतं, तो कायदा आहे आणि त्याचं भाडं वेगळं.

रानजाई

वाचतेय. शाळेची कसोटी फारच आवडली. आम्हालाही फेब्रुवारीत जायचंय, त्याबद्दलही कुणी लिहा.

दर्याकिनारी

मी जेनोव्हात राहते, म्हणजे चिंक्वे तेर्रेच्या बाजूला. आमच्या किनाऱ्यावर माझं मनापासून प्रेम आहे, तरी अबोली, नोव्हेंबरात इथे येऊ नकोस असंच सांगेन.

कारण पाऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे लिगुरियाचे, म्हणजे आमच्या या किनारी प्रांताचे, सर्वांत पावसाचे महिने. उन्हाळाभर तापलेला समुद्र अजून कोमट असतो, त्यावरून दमट वारा येतो आणि किनाऱ्याला खेटून उभ्या डोंगरावर आपटतो. पाणी ओढ्यांतून थेट गावात. २५ ऑक्टोबर २०११ ला चिंक्वे तेर्रेतली व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही गावं चिखलात गाडली गेली, त्यानंतर दहा दिवसांत, ४ नोव्हेंबरला, जेनोव्हात पूर येऊन माणसं दगावली, त्यांत लहान मुलंही होती. तेव्हापासून हवामानाचा इशारा आम्ही फार गांभीर्याने घेतो. पिवळा, नारिंगी, लाल असे तीन रंग असतात. लाल असला की शाळा, बागा बंद. नारिंगीलाही चिंक्वे तेर्रेच्या पायवाटा बंद होतात. आणि त्यांतल्याच कोर्निलियाला स्टेशनातून वर गावात जायला पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार कर.

@रानजाई, तुम्ही मात्र फेब्रुवारीच्या अखेरीस इकडे जरूर या. पाऊस कमी झालेला असतो, मिमोसा पिवळा फुललेला असतो. चिंक्वे तेर्रेत मुक्काम न करता जेनोव्हात राहा. बंदरावरचं मत्स्यालय १९९२ पासून आहे, युरोपातल्या मोठ्या मत्स्यालयांत त्याची गणना होते. पावसाचा अख्खा दिवस मुलं तिथे रमतात. नेर्व्हीचा समुद्रालगतचा फरसबंद रस्ता, बोक्कादास्सेचा गोट्यांचा छोटा किनारा, कामोलीची रंगीत उंच घरं, सगळं लोकलने किंवा बसने. बोक्कादास्सेला समुद्राने घासून गुळगुळीत केलेले काचेचे तुकडे सापडतात, हिरवे, दुधी. माझी लेक बरणीत साठवते. शेवटचा निळा सापडला तेव्हा ती आठवडाभर तो मुठीत घेऊन झोपत होती.

उत्तरा_बी

मी दोन वेगळे पर्याय देते.

एक, पुल्या, म्हणजे इटलीच्या बुटाची टाच. बारीत राहायचं. कॅम्पानियापेक्षा, म्हणजे नेपल्स-सालेर्नोच्या प्रांतापेक्षा, पाऊस कमी, जमीन सपाट, रेल्वे थेट समुद्राजवळून पोलिन्यानो आणि मोनोपोलीला जाते. जुन्या बारीत एका गल्लीत बायका दाराशी लाकडी पाटावर ओरेक्किएत्ते नावाचा पास्ता वळत बसतात. रव्याचं पीठ आणि पाणी एवढंच, अंडं नाही. अंगठ्याखाली एक छोटा गोळा ओढला की कानासारखी वाटी तयार. मुलं खिळून बघत राहतात. नोव्हेंबरात ऑलिव्हची तोडणी चालू असते, झाडाखाली जाळ्या पसरलेल्या दिसतात. आणि ज्या संत निकोलसवरून सांताक्लॉज आला त्याच्या अस्थी बारीच्या चर्चमध्ये आहेत, १०८७ मध्ये खलाश्यांनी आणलेल्या. चार वर्षांच्या मुलीला हे सांगताना जपून, एवढंच.

दुसरा, सिसिली. हवा सर्वांत उबदार तिथेच. आणि रेल्वेवेड्या मुलासाठी : रोमहून सिसिलीला जाणारी गाडी व्हिला सान जोव्हान्नीला डबे गटागटाने सुटे करून जहाजात घालतात आणि समुद्र ओलांडून मेस्सिनाला परत जोडतात. युरोपात असं आता फार कुठे उरलेलं नाही.

अबोली

रेल्वे जहाजात! मुलाला वाचून दाखवलं आणि आता तो दुसरं काही ऐकायलाच तयार नाही. रोमहून किती वेळ लागतो?

उत्तरा_बी

सिसिलीतल्या सिराकुझापर्यंत साधारण पूर्ण दिवस किंवा पूर्ण रात्र धरा. दहा दिवसांत, विमानाच्या थकव्यावर, सासूबाईंना घेऊन मी नाही सुचवणार. पुढच्या खेपेला ठेवा.

सागरगोटा

त्याची समजूत काढायला माझ्याकडे एक जागा आहे : पिएत्रार्सा. नेपल्सच्या पूर्वेला, समुद्राच्या अगदी काठावर, जुन्या इंजिन कारखान्यात रेल्वेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. इटलीतली पहिली रेल्वे १८३९ मध्ये नेपल्स ते पोर्तिची धावली, ती याच पट्ट्यातून. वाफेची इंजिनं उंच छताखाली ओळीने उभी आहेत, काही डब्यांत डोकावता येतं, आणि लोकल शेजारच्याच स्टेशनावर थांबते. आठवड्यातले मोजकेच दिवस उघडं असतं, वार आधी बघून ठेवा.

पावसाबद्दल दर्याकिनारी यांनी लिहिलंय ते कॅम्पानियालाही लागू आहे, हे लपवणार नाही. नेपल्सला नोव्हेंबर हा सर्वांत पावसाचा महिना. २६ नोव्हेंबर २०२२ ला नेपल्सजवळच्या इस्किया बेटावर कासामिच्चोलात दरड कोसळून बारा जण गेले. म्हणून त्या दिवसांत डोंगरउतारावरचं सुंदर दृश्याचं घर घेऊ नका, सपाट शहरातलं घ्या. पण तिथला पाऊस आपल्या आषाढासारखा दिवसचे दिवस लागून राहत नाही, बहुधा जोरात येतो आणि मग स्वच्छ ऊन पडतं. दुपारचं तापमान सोळा-सतरा अंश, रात्री नऊ-दहा. कोरड्या दिवसाचा आणि ओल्या दिवसाचा असे दोन बेत कायम तयार ठेवा, कोणता वापरायचा ते आदल्या संध्याकाळी ठरवा.

कोरड्या दिवशी पाएस्तुम. सालेर्नोहून साध्या गाडीने अर्ध्या-पाऊण तासात. तीन ग्रीक मंदिरं, अडीच हजार वर्षांपूर्वीची, सपाट हिरवळीत उभी. नोव्हेंबरात माणसं विरळ. मुलं खांबांच्या भोवती पळतात, आजी बाकावर उन्हात बसू शकतात. ढग आलेच तर शेजारी संग्रहालय आहे. आणि त्या भागात म्हशीच म्हशी, मोझ्झारेल्ला चीज त्यांच्याच दुधाचं. काही गोठे बघायला देतात. तिथे म्हशींना अंग घासायला फिरते ब्रश लावलेले असतात, एक म्हैस बाजूला झाली की पुढची येऊन उभी राहते.

ओल्या दिवशी नेपल्सचं पुराणवस्तू संग्रहालय, पॉम्पेईतली भित्तिचित्रं आणि मोझाइक तिथे आहेत. मंगळवारी बंद. सरकारी संग्रहालयांत आणि उत्खननस्थळांवर १८ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, आपल्या मुलांनाही. पारपत्र जवळ असू द्या.

पाटावरवंटा

शाकाहारी सासूबाईंच्या जेवणाबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. माझ्या आईला घेऊन मी दक्षिण इटलीत राहिले आहे. इटलीत शाकाहार सोपा असं सगळे म्हणतात. दिसायला तो सोपा आहे, कडक पाळणाऱ्यांना बारकावे माहीत हवेत.

पार्मिजानो चीजमध्ये दूध साकळवणारं, वासराच्या जठरातलं रेनेट असतंच, नियमानेच घालावं लागतं. म्हशीच्या दुधाच्या मोझ्झारेल्लातही पारंपरिक पद्धतीत तेच. सासूबाईंना हे आधी सांगा आणि त्यांचं त्यांना ठरवू द्या, ताटात आल्यावर कळणं फार क्लेशाचं होतं. नेपल्सची ती शंखासारखी पापुद्र्यांची मिठाई, स्फोल्यातेल्ला, तिच्या पापुद्र्यांत परंपरेने डुकराची चरबी असते. मिरं घातलेल्या खारट कडबोळ्यांतही, ताराल्ली म्हणतात त्यांना. सकाळच्या कोर्नेत्तोत, म्हणजे तिथल्या क्रोसाँत, अंडं.

बिनधास्त काय खायचं : पिझ्झा मारिनारा, म्हणजे टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल. चीजही नाही. नावात दर्या आहे, पण मासा नाही. सुका पास्ता बिनअंड्याचा असतो, ताजा असेल तर विचारा. पास्ता-छोले, पास्ता-राजमा असे पळीवाढे प्रकार थंडीत सगळीकडे मिळतात, फक्त त्यात डुकराचं मांस नाही ना हे विचारायचं. फ्रियारिएल्ली ही थोडी कडवट पालेभाजी लसणीवर परततात, ती माझ्या आईने रोज मागितली. बारीला गेलात तर बाकल्याची घोटलेली घट्ट डाळ आणि वर कडू पाला. जेनोव्हाची फारिनाता म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, तांब्याच्या भल्यामोठ्या थाळ्यात लाकडाच्या भट्टीत भाजलेली, कडा कुरकुरीत आणि आत लुसलुशीत.

वेटरला म्हणायचं : "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा". मांस नको, मासा नको, अंडं नको. "सेन्झा आचूगे" वेगळं म्हणायचं, कारण त्या चिमुकल्या मासोळ्या मासा म्हणून कुणी धरत नाही. मुलं काहीच खाईनाशी झाली तर "पास्ता इन बियांको" मागा, नुसता पास्ता आणि तेल किंवा लोणी. यादीत नसला तरी लेकरासाठी आनंदाने करून देतात.

सामान नेताना लक्षात ठेवा, युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर नको. चिवडा, कडबोळी, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला चालेल. नेपल्समध्ये श्रीलंकन लोकांची मोठी वस्ती आहे, त्यांच्या दुकानांत तांदूळ, डाळी, कढीपत्ता मिळतो.

दर्याकिनारी

एक गोष्ट घर ठरवण्याआधी बघ, अबोली, आणि ही भारतातून येणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही. इटलीत घरं तापवण्याचं वेळापत्रक कायद्याने ठरलेलं आहे. देशाचे हवामानाप्रमाणे विभाग केलेत. जेनोव्हात १ नोव्हेंबरपासून, दिवसाला जास्तीत जास्त बारा तास. नेपल्स आणि बारीत १५ नोव्हेंबरपासून, दहा तास. पालेर्मोत तर १ डिसेंबरपासून, आठच तास. तुम्ही बरोबर १५ तारखेच्या आसपास पोचताय. जुनी दगडी घरं दिसायला देखणी, पण नोव्हेंबरात आतून ओलसर आणि गार असतात, फरशीवर मुलांचे पाय गारठतात.

मालकाला तीन गोष्टी लेखी विचार : हीटर आपल्याला हवा तेव्हा लावता येतो का, की अख्ख्या इमारतीचा एकत्र आहे? गरम हवेचा एसी आहे का? लिफ्ट आहे का, आणि ती तळमजल्यापासून आहे का? शेवटचा प्रश्न सासूबाईंसाठी. बऱ्याच इमारतींत लिफ्टपर्यंत पोचायलाच आठ-दहा पायऱ्या असतात.

औषधाच्या दुकानात मुलांचं पॅरासिटामॉल "ताकिपिरिना" या नावाने मिळतं. तातडीचा नंबर ११२.

अबोली

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री सगळे प्रतिसाद घरात मोठ्याने वाचले. पार्मिजानोचं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं आधी कळलं, मी मारिनारा खाईन." त्यांना पाएस्तुमच्या म्हशी बघायच्याच आहेत.

आता असं ठरतंय : रोमला उतरून तडक सालेर्नो, तिथे मोठा मुक्काम. शेवटचे थोडे दिवस नेपल्स, पिएत्रार्सा आणि पॉम्पेईसाठी. गाडी घेणार नाही. दोन शंका : पॉम्पेई चार वर्षांच्या मुलीला झेपेल का? आणि व्हिसाचं कधी सुरू करू?

सागरगोटा

पॉम्पेईऐवजी एर्कोलानो करा. तेही राखेखाली गाडलेलं प्राचीन गाव, तोच व्हेसुव्हियस ज्वालामुखी, तेच इसवी सन ७९, पण आवाका लहान, दोन-अडीच तासांत होतं. तिथे गरम राखेचे लोट आले, त्यामुळे लाकूड जळून कोळसा झालं तरी टिकलं. दारांच्या चौकटी, तुळया, जिना, एक पलंगसुद्धा दिसतो. मुलांना "इथे कुणीतरी राहत होतं" हे तिथे चटकन कळतं. पॉम्पेईच करायचं असेल तर तिकिटावर प्रत्येकाचं नाव लागतं, दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे, मोठी पाठपिशवी आत नेता येत नाही, आणि हिवाळ्यात पाचला बंद. बाबागाडी तिथल्या दगडी रस्त्यांवर चालत नाही.

आणि नेपल्समध्ये सान ग्रेगोरिओ आर्मेनो ही गल्ली चुकवू नका. आपली मुलं दिवाळीत किल्ला करतात ना, माती, आळीव, वर मावळे, तसाच तिथे नाताळात ख्रिस्तजन्माचा देखावा घरोघरी मांडतात, बुचाच्या सालीचे डोंगर आणि त्यावर शेवाळ. त्या देखाव्याच्या बाहुल्या करणारे कारागीर वर्षानुवर्षं याच गल्लीत बसतात आणि नोव्हेंबरात काम ऐन भरात असतं. भट्टीत पाव सरकवणारा बोटभर उंचीचा भटारी, त्याचा हात छोट्या मोटरवर खरोखर पुढे-मागे होतो, आत लाल दिवा फडफडतो. एक घेऊन या, पुढच्या वर्षी तुमच्या किल्ल्यावर महाराजांच्या मुदपाकखान्यात शोभेल.

उत्तरा_बी

व्हिसा : अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. दिवाळीच्या तोंडावर मुंबईत भेटीची वेळ मिळणं अवघड, म्हणून जुलै-ऑगस्टमध्येच उरका. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, सहाखालच्यांना नाही. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क वेगळं. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा, सासूबाईंच्या जुन्या दुखण्यांचा उल्लेख त्यात नीट करा. मुलांचे जन्मदाखले आणि अर्जावर दोघांच्या सह्या. विमानतळावर आता शेंगेनची (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांची) नवी नोंदणी असते, फोटो आणि बोटांचे ठसे. बारा वर्षांखाली ठसे घेत नाहीत, पण रांग लागते. म्हणून उतरल्यावर लगेचच्या गाडीचं न बदलता येणारं तिकीट काढू नका.

पाटावरवंटा

जेवणाच्या वेळांचं राहिलं. उपाहारगृहं संध्याकाळी साडेसात-आठच्या आधी स्वयंपाकघर उघडत नाहीत, आणि नोव्हेंबरात पावणेपाचच्या सुमारास अंधार पडतो. मुलांना सहालाच भूक लागते. त्या वेळी बेकरीतून गरम फोकाच्चा पाव किंवा पिझ्झाचा तुकडा घ्यायचा, समुद्राच्या रस्त्यावर फिरून यायचं, मग घरी वरणभात. दुपारी दीड ते चार दुकानं बंद, तोवर वाणसामान घेऊन ठेवायचं. छोटा कुकर न्या, पण चुलीचा प्रकार आधी विचारा, इंडक्शन असेल तर त्या बुडाचा लागेल.

दर्याकिनारी

साध्या लोकल गाड्यांचं तिकीट मोबाइलवर काढलंस तर गाडीत बसण्याआधी चेक-इन करायला विसरू नकोस. कागदी असेल तर फलाटावरच्या यंत्रात ठसा मारून घे. नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. मुलगी चारची झालीय, म्हणजे तिचं अर्धं तिकीट लागेल, चारखाली असती तर फुकट. वेगवान गाड्यांत मोठ्यांबरोबर मुलं फुकट नेण्याची सवलत असते, तिच्या जागा मोजक्या असतात. तारखा पक्क्या झाल्या की लगेच बघ.

अबोली

चेक-इनचं काम मुलाकडे सोपवलंय, त्याने आत्तापासून वहीत रोम ते सालेर्नोची सगळी स्टेशनं लिहायला घेतली आहेत. सालेर्नोत तीन घरं निवडली आहेत, तिन्ही मालकांना हीटर आणि लिफ्टबद्दल आजच लिहिते. उत्तरं आली की इथेच टाकते, मग त्यातलं कोणतं घ्यावं ते सांगा.